अंजनाची सोळा माणसं

माझ्या रोजच्या वहीत पहिली ओळ यल्लम्मा आईची, दुसरी तिथीची, आणि तिसऱ्या ओळीपासून घर सुरू होतं. नळ किती वाजता आला, काय शिजलं, कुणाचा उपास, कोण येऊन गेलं. लग्न होऊन खासबागेत आले तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. बाळंतपणात बिछान्यावर पडून सांगितलं आणि यांच्याकडून लिहून घेतलं. पण सत्त्याऐंशी सालची वही मागच्या बाजूनं उघडली, की तिथं माझं अक्षर नाही. तिथं अंजनाचं आहे. बारीक, डावीकडं झुकलेलं, निम्मं इंग्रजी, आणि मध्ये मध्ये इतकी खाडाखोड की पानावरून कोंबडी नाचून गेल्यासारखं वाटतं.

अंजना माझी धाकटी जाऊ. आज ती टिळकवाडीतल्या कंप्युटर वर्गात नव्या मुलामुलींना पहिले धडे देते. ज्या वर्गात शिकली त्याच वर्गात. तिच्या टेबलावर एक लहान कापडी पिशवी असते आणि पिशवीत पाच कवड्या. बघणाऱ्यांना वाटतं, थोरली जाऊ देवीची भक्त, म्हणून धाकटीनंही देवीच्या कवड्या ठेवल्या असतील. त्या कवड्या कुठून आल्या ते मला माहीत आहे. महिला मंडळाच्या हस्तलिखितासाठी आपल्या ओळखीतल्या एखाद्या साध्या माणसाबद्दल लिहा असं सांगितलं, तेव्हा दुसरं कुणी डोळ्यांपुढं आलंच नाही.

तिचं माहेर निपाणी. आई तानीबाई विड्या वळायची. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं पानं कापायचं काम लहान अंजनाकडं, आणि पुढ्यात पुस्तक उघडं. "हात तंबाखूत, डोळं पुस्तकात, आणि शिंक आली की दोन्हीबी खाली," असं ती सांगते. त्यातनंच ती पीयूसी सायन्स, म्हणजे बारावी, झाली. मग आमच्या जोतिबाभावजींचं स्थळ आलं. भावजी फौजेत. वर्षातून दोन महिने घरी, दहा महिने कुठंतरी बर्फात. लग्नाला वर्ष झालं आणि रेणुका झाली.

आमचं मूळ घर बेळगुंदीला. तिथं आत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई सोनुबाई, भात आणि रताळ्यांचं शेत सांभाळून असतात. आम्ही शहरात, खासबागेत, कारण आमचे हे बस डेपोत कारकून. सत्त्याऐंशीच्या आषाढात अंजनानं कुठल्याशा कागदात वाचलं, की टिळकवाडीत एका दवाखान्याच्या माडीवर कंप्युटर शिकवतात. भावजींनी पत्रातनं होकार दिला. राहिल्या आत्ती.

"मिशिनीसमोर बसून काय करत्यात गं?" आत्तींनी विचारलं.

"काम सांगायचं, आत्ती. ते काम करतंय."

"सांगकाम्या व्हय. आणि काय?"

"आत जाताना चप्पल भाईर काढाय लागती. धूळ चालत न्हाय तिथं."

आत्तींनी मान वर केली. "चप्पल काढाय लागती?"

"व्हय. पाय पुसून जायाचं."

"मग जागा चांगली असंल," आत्ती म्हणाल्या, आणि परवानगी मिळाली. मी त्या दिवशीच्या वहीत लिहून ठेवलंय: आईच्या कृपेनं आत्ती हो म्हणाल्या, वरण थोडं लागलं.

अंजना रेणुकाला घेऊन आमच्याकडं राहायला आली. रेणुका तीन वर्षांची, माझ्या गंगूच्या आणि परशरामच्या मागं मागं. वर्गात मशीन एकच आणि शिकणारे बरेच, म्हणून प्रत्येकाला आठवड्यातनं एकदा अर्धा तास, अंजनाचा वार शनिवार. बाकीचे दिवस कागदावर लिहायचं. तिच्या वह्या भरल्या तेव्हा मी माझ्या वहीची मागची पानं दिली. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून मी पुढनं लिहायची, ती मागनं.

मार्गशीर्ष लागला आणि वर्गाच्या हिरेमठ सरांनी सगळ्यांना एक काम दिलं. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष घ्या, त्याची मुलं, मुलांची मुलं अशी सगळी माणसं मशीनला द्या, आणि मशीनकडून एकही न गाळता ती छापून घ्या. मी भाकऱ्या थापत होते आणि अंजना चुलीजवळ बसून समजावून सांगत होती.

"आक्का, काम एकच हाय. माणसाचं नाव लिही. त्येला लेकरं नसली तर माघारी ये. असली तर पयल्या लेकराला घे आणि हेच काम त्येच्यासाठी कर. मग दुसऱ्यासाठी. मग तिसऱ्या."

"आणि त्या लेकराला लेकरं असली तर?"

"त्येच्यासाठीबी हेच काम. कामानं आपणच आपल्याला हाक मारायची. सर त्येला रिकर्शन म्हंत्यात."

"आणि सगळी हाका मारत बसली तर थांबणार कोण?"

"ज्येला लेकरू न्हाय तो थांबतो. तो थांबला की त्येचा बाप पुढं सरकतो."

मला ते आवडलं. आपल्या घरातही असंच चालतं असं वाटलं. मग तिनं दाखवलं, की आपण कितव्या लेकरावर आहोत ते ध्यानात ठेवायला एक आकडा लागतो. त्या आकड्याला तिनं 'के' नाव दिलं होतं, आणि तो प्रोग्रॅमच्या अगदी वरच्या ओळीत लिहिला होता.

"वर लिवलं की सगळ्यांना मिळून एकच ऱ्हातो. कुठनंबी हाताशी. परत परत लिवायला नको. ग्लोबल म्हंत्यात."

"चांगलं आहे की. घरात मिठाची बरणी एकच असते," मी म्हटलं. आता आठवलं की हसू येतं. चुकीला पहिली शाबासकी माझीच.

पहिल्या शनिवारी तिनं लहानसा नमुना चालवून बघितला. आमचे सासरे सिद्राम आणि त्यांची तीन मुलं: आमचे हे, म्हणजे कागदावरचे मारुती, नणंद मालुबाई, जोतिबाभावजी. चारही नावं कागदावर आली. ती नाचत आली. मग आठवडाभर आम्ही अख्खं घराणं जमवलं. मूळ पुरुष म्हणून आजेसासरे कल्लाप्पा. त्यांची तीन मुलं: थोरले सिद्राम, मधले गुंडू, धाकटे यल्लाप्पा. यल्लाप्पाकाकांनी लग्न केलं नाही. गुंडूकाकांची चार मुलं. मालुबाईची दोन, माझी दोन, आणि रेणुका. सगळी मिळून सोळा.

दुसऱ्या शनिवारी आत्ती रताळ्यांचं पोतं घेऊन आल्या होत्या. ओट्यावर बसून पाय चेपत होत्या. अंजना आली ती कागद हलवत. कडेला भोकं असलेला तो लांबडा कागद. पुढचा मुलगा खोळंबला होता म्हणून तिनं तो तसाच फाडून आणलेला, स्वतःसुद्धा वाचलेला नव्हता.

"आत्ती, ऐका. आपलं घर हाय ह्यात."

आत्ती पदर सावरून बसल्या. अंजनानं वाचायला सुरुवात केली.

"कल्लाप्पा. सिद्राम. मारुती. गंगू. परशराम."

आणि ती थांबली.

"मग?" आत्ती म्हणाल्या.

अंजनानं कागद उलटा केला, परत सुलटा केला.

"मग गं?"

"संपलं."

"संपलं म्हंजे? मालू? जोतिबा? गुंडूभावजींचं घर?"

"न्हाय आली."

आत्तींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. भावजींचं पत्र येऊन दीड महिना झाला होता. तिकडं बर्फ पडलं की टपाल अडतं हे सगळ्यांना माहीत, तरी रोज पोस्टमनच्या सायकलकडं इथं आम्हा दोघींचे आणि गावात आत्तींचे डोळे. आणि आता घराण्याच्या यादीतनं फौजेतल्या मुलाचं नाव गळालेलं. मी स्वतःला देवभोळी म्हणवून घेते, म्हणून लपवत नाही. मीही मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं.

"आत्ती, चूक माझी हाय," अंजना म्हणाली. "कुठंतरी लिवण्यात चुकलंय. त्येचा ह्यांच्याशी काय संबंध?"

"चूक तुझी. पर नाव कुणाचं गेलं?" आत्तींचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "म्या त्येला कागदातनं गाळायला न्हाय जल्म दिला. पुढच्या शनवारी मी येतो. जोतिबाचं नाव त्यात निघालं तर तू शीक, मी एक शब्द बोलनार न्हाय. न्हाय निघालं तर पुस्तकं बांध आणि रेणुकाला घिऊन बेळगुंदीला चल. ते मिशिन नगं आमाला."

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "माझं नाव आहे ना त्यात?"

"आहे."

"मग माझा जीव कुठं अडकलाय? झोपा सगळ्या." पण जेवताना दोनदा विचारलं, पोस्टमन आलता का.

सोमवारी अंजनानं सरांना गाठलं. सरांनी प्रोग्रॅमचा कागद बघितला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं, उचललं, आणि कानडीत एवढंच म्हणाले: हातानं चालवून बघ. ते असेच. उत्तर द्यायचे नाहीत, आणि आज मला वाटतं ते बरंच झालं.

आम्ही हातानं चालवून बघितलं. वहीच्या मागच्या पानांवर ते अजून आहे. मी मशीन झाले. ती सांगेल ते करायचं. कल्लाप्पा लिहिला, त्यांचा पहिला सिद्राम, सिद्रामचा पहिला मारुती, मारुतीची दोन, मग माघारी येऊन मालुबाई, तिची दोन, मग जोतिबा, रेणुका, मग अगदी वर जाऊन गुंडूकाका. सोळाच्या सोळा. परत केलं, परत सोळा.

"मग त्या मशीनला काय धाड भरली?" मी म्हटलं.

"तुमी लई शाण्या मशीन हाय, आक्का," अंजना म्हणाली. ती हसली, पण डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

मग एक वाट मीच सुचवली. म्हटलं, पहिली माणसं छापली जातात आणि मागची गळतात, तर भावजींना पहिलं घाल. यादीत क्रम बदलला तर कुणाचं काय जातंय? वर्गातल्या अक्काताई नावाच्या मुलीनं बुधवारी आपल्या वेळेतली दहा मिनिटं तिला दिली. त्या पोरीचेही उपकार या घरावर आहेत. अंजनानं सिद्रामांच्या मुलांत भावजींना पहिला नंबर दिला, यांना दुसरा, मालुबाईंना तिसरा.

कागद आला. कल्लाप्पा, सिद्राम, जोतिबा, रेणुका. आणि पुढं मालुबाई आणि तिची दोन.

मी हात जोडले. "आलं बघ नाव! हाच कागद ठेव. शनिवारी आत्तींना हाच वाच."

अंजनानं कागद माझ्यापुढं धरला. "नीट बघा, आक्का."

मी बघितलं. जोतिबा, रेणुका, मालुबाई. मधलं नाव नव्हतं. आमचे हे नव्हते. गंगू नव्हती, परशराम नव्हता.

"आत्ती जोतिबाचंच नाव विचारणार आहेत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "आमच्यांचं कुठं विचारणार आहेत? चालेल."

"तुमचं कुक्कू पुसून माझं लावू?" अंजना म्हणाली. "जमायचं न्हाय ते. जाईन मी बेळगुंदीला." आणि तो कागद तिनं चारदा फाडून चुलीत घातला.

त्या दिवशीच्या पानावर मी फक्त तिथी लिहू शकले. वीस वर्षं देवापुढं बसणारी मी, घाईनं कुणाला गाळायला निघाले होते, आणि जिचं सगळं जाणार होतं तिनं मला अडवलं. हे लिहून ठेवणं माझ्याकडनं राहिलं होतं, ते आज इथं लिहिते.

हे घरी आल्यावर त्यांना कळलंच. म्हणाले, "मला गाळलं तर गाळू दे की. डेपोतल्या हजेरीतनंबी गाळलं असतं तर बरं झालं असतं, चार दिवस रताळी खाऊन पडलो असतो." अंजना आठवड्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

गुरुवारी बेळगुंदीच्या दूधवाल्याकडनं आत्तींचा निरोप आला. भरमाप्पा हेळवी आलाय, शुक्रवारी दोघी सुना या.

आपल्या भागातल्या पुष्कळ घरांचा हेळवी ठरलेला असतो. सुगी झाली की बैलावर पडशी टाकून तो गावात उतरतो, ओट्यावर बसून आपल्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं म्हणतो, वर्षात जन्मलेल्यांची भर पोथीत घालतो, आणि सूपभर भात, जुनं लुगडं घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याच्या तोंडून नाव निघालं म्हणजे ते घराण्यात पक्कं. आत्तींनी त्याला का बोलावलं ते दोघींना न सांगता कळलं. कागदानं गाळलेलं नाव त्यांना हेळव्याच्या तोंडून परत हवं होतं.

भरमाप्पा सत्तरीचा, दात दोनच, आवाज मात्र खणखणीत. अंगणात बैल बांधलेला. ओट्यावर त्यानं घोंगडी अंथरली, पाच घड्या पाडल्या, आणि पायऱ्यांसारख्या त्या खाली खाली उतरत्या मांडल्या. पोथीचं बाड शेजारी ठेवलं, उघडलं नाही. मग पिशवीतनं एक कवडी काढून वरच्या घडीवर ठेवली आणि सुरू झाला.

"कल्लाप्पा. बायको मनुबाई, म्हायेर उचगाव. कल्लाप्पाचा थोरला सिद्राम, बायको सोनुबाई, म्हायेर कडोली." आत्तींनी पदर डोक्यावर ओढला. भरमाप्पानं दुसरी कवडी काढून खालच्या घडीवर ठेवली. "सिद्रामाचा थोरला मारुती, बायको यशोदा." माझं नाव ऐकून मी मान खाली घातली. तिसरी कवडी तिसऱ्या घडीवर. "मारुतीची गंगू. मारुतीचा परशराम." तिसरी कवडी दोन बोटं सरकली. मग त्यानं ती उचलून पिशवीत टाकली, दुसरी कवडी एक बोट पुढं सरकवली. "सिद्रामाची मालुबाई." परत नवी कवडी तिसऱ्या घडीवर, तिच्या थोरल्या लेकराचं नाव झालं.

एवढ्यात आत्तींनी चहा आणला. भरमाप्पानं बशीत ओतून सावकाश घेतला. बैलाच्या खुराची गोष्ट सांगितली. पावसाला शिव्या घातल्या. पाव तास गेला असेल. मग बशी खाली ठेवली, घोंगडीकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "मालुबाईचा धाकटा." तिसरी कवडी पिशवीत. दुसरी एक बोट पुढं. "सिद्रामाचा धाकटा जोतिबा. बायको अंजना, म्हायेर निपानी."

आत्तींनी डोळे मिटले आणि हात जोडले. मीही जोडले. अंजनानं जोडले नाहीत. ती घोंगडीवर इतकी वाकली होती, की भरमाप्पाला तिची वेणीच दिसत असेल.

"आज्जा, जरा थांबा," ती म्हणाली. "खालची सगळी नावं घेताना ही वरची कवडी का न्हाय हो उचलली?"

"उचलली तर माघारी यिऊ कुठं?"

"आणि खालची?"

"ती त्या पायरीपुरती. पायरी झाली की पोतडीत. वरची पायरी झाली न्हाय, तर तिला कशाला हात लावू?" भरमाप्पा तिच्याकडं बघून गालातल्या गालात हसला. "का गं, बाये? हेळवीण व्हायचं हाय काय?"

"सगळ्या पायऱ्यांना मिळून एकच कवडी ठिवली तर?"

भरमाप्पानं कपाळाला हात लावला. "केलतं एकदा! उमेदीत व्हतो, पिशवी घरी इसरलो, खिशात एकच कवडी. म्हटलं चालतंय. थोरल्याचं घर म्हणून झालं आणि वर आलो तर कवडी कुठं हाय, मी कुठं हाय, कायबी ठावं न्हाय. वाटलं झाली सगळी. दोन धाकट्या भावांची घरंच गाळली. त्येंच्या बायका भाताची सुपं घिऊन उभ्या व्हत्या, तशा आत गेल्या. बानं माझ्या पाठीत असा रट्टा घातला..."

अंजना ओट्यावर बसल्या जागी हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतनं पाणी. आत्ती घाबरल्या. "काय झालं गं हिला?"

"माझीबी सुपं आत गेल्यात, आत्ती," अंजना म्हणाली. "पेन्सिल हाय काय कुनाकडं?"

माझ्या पिशवीत वही होतीच. तिनं मागचं पान उघडून एकच ओळ लिहिली आणि तिच्याभोवती गोल काढला. बाकीची नावं भरमाप्पानं सुखरूप पार पाडली: रेणुका, गुंडूकाका, त्यांची चार, यल्लाप्पाकाका. निघताना त्यानं पिशवीतल्या पाच कवड्या अंजनाच्या हातावर ठेवल्या. "पाच पिढ्यांस्नी पुरत्यात. जास्त लागल्या तर पुढच्या सुगीला माग."

परतीच्या बसमध्ये तिनं त्या माझ्या मांडीवर मांडून दाखवल्या.

"माझा 'के' म्हंजे ती एकच कवडी, आक्का. सगळ्यांना मिळून. मारुतीभावजींची दोन लेकरं मोजली, कवडी तिसऱ्या घरावर गेली. आता माघारी मामंजींच्या पायरीवर यायचं. पण मामंजींची कवडी कुठाय? तीच तर मी खाली न्हेली. तीच वर आनून ठिवली, आनि एकदा सरकवली, ती चौथ्यावर गेली. मामंजींची लेकरं तीनच, म्हणून मशिनला वाटलं, हितलीबी सगळी झाली. चला, सुट्टी."

"मग आपण हातानं केलं तेव्हा सोळा कशी आली?"

"तवा तुमी मनातल्या मनात दर पायरीला कवडी ठिवत हुता. आपल्याला कळलंच न्हाय. माणूस माघारी यायची जागा आपसूक राखतंय. मशिनला सांगाय लागतंय."

"किती बदलायचं आता?"

"एक ओळ. वर सगळ्यांसाठी लिवलीया ती उचलून कामाच्या आत लिवायची. मग दर माणसाला त्येची नवी कवडी मिळती, आणि वरच्याची वर ऱ्हाती."

एक ओळ. एका ओळीसाठी आठवडाभर घरात अन्न गोड लागलं नव्हतं. बस वळणावर हेलकावली तशा मी दोन्ही हातांनी कवड्या झाकल्या.

शनिवारी सकाळीच आत्ती आल्या. या खेपेला रताळी नव्हती, नुसत्या आल्या. अंजना चप्पल घालून बाहेर पडली. मी देवापुढं दिवा लावला आणि तांदूळ निवडायला बसले. निवडून झालेले परत निवडले. आत्ती ओट्यावर. पोस्टमनची सायकल आली आणि पुढं गेली.

एकच्या सुमाराला अंजना वळणावर दिसली. चालीवरनं काही कळेना. ती आली, ओट्याखाली चप्पल काढली, पाय पुसले, आणि मग आत्तींच्या समोर बसली. घरीच आली होती ती, तरी पाय पुसले. कागदाची घडी उघडली.

"कल्लाप्पा. सिद्राम. मारुती. गंगू. परशराम."

आत्ती बोटांच्या पेरांवर मोजत होत्या.

"मालुबाई." तिची दोन. आणि मग अंजनानं एक क्षण कागदावरनं डोळे उचलले. "जोतिबा."

आत्तींचं बोट त्या पेरावर थांबलं.  मग हळूच म्हणाल्या, "पुढं वाच. थांबू नको."

"रेणुका. गुंडू." गुंडूकाकांची चार. "यल्लाप्पा."

"सोळा," आत्ती म्हणाल्या.

"सोळा," अंजना म्हणाली.

मी आत जाऊन गूळ आणला. आत्तींनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही, आणि ती अक्षरं तर इंग्रजी. तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेल्या. मला वाटलं, आता देव्हाऱ्यात ठेवायला सांगतील. पण त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"का गं, मी कुठाय ह्यात?"

अंजना गोंधळली. "आत्ती, सरांनी फकस्त मूळ पुरुषाची लेकरं..."

"भरमाप्पाच्या पोथीत मी हाय. सोनुबाई, म्हायेर कडोली. ही यशोदा हाय, तू हाईस. ह्यात आमी कोण न्हाय. ही सोळा आभाळातनं पडली व्हय?"

"घालाय येतं, आत्ती. दर नावाम्होरं बायकोचं नाव, म्हायेर. पण त्येला आनि शिकाय पायजे. मला अजून तेवढं येत न्हाय."

"कधी येतंय?"

"पुढच्या शनवारी मिशिन मिळंल..."

"मग पुढच्या शनवारी जा," आत्ती म्हणाल्या. "आणि येईस्तवर जात ऱ्हा. रेणुकाला मी बघतो. कडोलीतला 'ड' नीट लिव, लोक कायबी लिवत्यात."

भावजींचं पत्र त्यानंतर पाच-सहा दिवसांनी आलं. तब्येत बरी, बर्फ फार, मोजे पाठवा. आत्ती पत्राचा आणि कागदाचा संबंध जोडतात. अंजना जोडत नाही. मी दोघींनाही आडवी जात नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या बुधवारी ती माझ्या सांगण्याला भुलली असती, तर ती एक ओळ तिला कधीच सापडली नसती, आणि मी जन्मभर तिच्या तोंडाकडं बघू शकले नसते.

त्या शनिवारच्या पानावर नळाची वेळ नाही आणि काय शिजलं तेही नाही. तिथीखाली मी अंजनासारखी बारीक अक्षरं काढून ती सोळा नावं उतरून घेतली आहेत. त्यांच्यामध्ये मावेल तिथं, आधी आजेसासूबाई मनुबाई, मग आत्ती, मग अंजना, आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून, मी.